एक्स्पोजर: संसर्ग, बाधा की संपर्क?

प्रश्न असा आहे: भाषांतरात 'धातूंच्या ऑक्साइडच्या नॅनोकणांचा संसर्ग झाल्यास आरोग्याला धोका' असं लिहिलंय. एक्स्पोजरला, म्हणजे एखादा पदार्थ अंगाला लागणं किंवा शरीरात जाणं याला, 'संसर्ग' चालेल का? आणि नॅनोकणाला 'सूक्ष्मकण' म्हणावं का?

संसर्ग नको. तो जंतूंचा होतो आणि एकाचा दुसऱ्याला लागतो. नॅनोकण शरीरात वाढत नाहीत. 'बाधा'ही नको. विषबाधा म्हटलं की अपाय होऊन गेलेला असतो, इथे तो कदाचित होणारही नाही. 'अनावरण' पुतळ्याचं होतं. उरतो 'संपर्क'. मथळ्यात तो खुशाल वापरा.

मजकुरात मात्र मी नामच टाळीन. धूळ नाकातोंडात जाते, मलम अंगाला लागतं, खाद्यरंग पोटात जातो. ही क्रियापदं आपल्या तोंडात तयार आहेत आणि कण कोणत्या वाटेने गेला ते सांगतात. या विषयात वाटेला फार महत्त्व आहे. टायटॅनियम डायऑक्साइड घ्या, हा एक पांढरा रंग. सनस्क्रीनमधून धडधाकट त्वचेवर लावला तर तो बहुतेक वरच्या मृत थरातच राहतो. त्याचीच कोरडी पूड श्वासातून गेली तर फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोचते. हुंगवलेल्या उंदरांच्या फुप्फुसात गाठी झाल्या, म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला '२ ब' गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवू शकेल अशा पदार्थांत घातलं. पोटात जाण्याबद्दल युरोपीय संघाने २०२२ साली खाद्यपदार्थांत त्याच्यावर बंदी आणली, कारण तो डीएनएला इजा करत नाही याची खात्री देता आली नाही. तिन्ही ठिकाणी नुसता 'संपर्क' लिहिलात तर वाचक सनस्क्रीनला घाबरेल, आणि पूड पोत्यात भरणाऱ्याला नाक झाकायचंय हे कळणारच नाही. मला ही चूक शब्दापुरती वाटत नाही.

झिंक ऑक्साइडचंही तसंच. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर उठतो. छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप चढतो, तोंडाला धातूची चव येते. ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. मलमातल्या झिंक ऑक्साइडने असं होत नाही.

'सूक्ष्मकण' टाळा, 'सूक्ष्म' आपण मायक्रोसाठी वापरतो, तो हजारपट मोठा. नॅनोकण साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. १ सेंटिमीटर बाजूच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तोच १० नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत कापला तर एकूण ६०० चौरस मीटर होतो. पेशींशी रासायनिक झटापट होते ती याच पृष्ठभागावर, म्हणून वजन तेवढंच असूनही बारीक पूड जास्त त्रास देऊ शकते.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास अपाय होऊ शकतो.' मूळ लेखात त्वचेबद्दल असेल तर 'त्वचेला लागल्यास'.