वाचकांचे प्रश्न: अँटिबायोटिक घेताना

या महिन्याच्या टपालात अँटिबायोटिकविषयीची पत्रं बरीच आली. एकसारखी पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

नातू चार वर्षांचा आहे. गेल्या वर्षी कान दुखत होता तेव्हा डॉक्टरांनी अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं पावडरचं सिरप दिलं होतं, ५ मिली दोन वेळा. आता परत कान दुखतोय, म्हणून त्याच कागदावर औषध आणलं. डोस तोच ठेवू ना? आणि बाटलीत पाणी किती घालायचं?
(एक आजी, रामबाग, इंदूर)

आधी बाटलीवरचा आकडा बघा. हे सिरप मुख्यतः दोन ताकदींत मिळतं: ५ मिलीत २२८.५ मिलिग्रॅम आणि ५ मिलीत ४५७. खोकं आणि नाव जवळजवळ सारखंच, औषध मात्र दुप्पट. जुना डोस २२८.५ चा असेल आणि दुकानातून ४५७ हाती आलं, तर ५ मिलीत दुप्पट औषध पोटात जाईल. उलट झालं तर निम्मंच जाईल आणि कान बरा होणार नाही. शिवाय मुलांचा डोस वजनावर ठरतो आणि वर्षभरात नातवाचं वजन वाढलं असणारच. त्यामुळे बाटली उघडण्याआधी कान दाखवून या. दोन वर्षांवरच्या मुलाचा त्रास फार नसेल, तर डॉक्टर पुष्कळदा दोन-तीन दिवस नुसतं पॅरासिटॅमॉल देऊन वाट बघतात.

द्यायचंच ठरलं, तर पाणी असं घाला. बंद बाटली उलटी-सुलटी करून तळव्यावर ठोका, म्हणजे बुडाला चिकटलेली पावडर सुटते. खोक्यात पाण्याची छोटी कुपी असेल तर तेच पाणी वापरा. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्या. कोमटसुद्धा नको, कारण यातलं क्लॅव्ह्युलॅनेट उष्णतेने लवकर खराब होतं. निम्मं पाणी घालून जोरात हलवा, फेस बसू द्या, मग लेबलवरच्या खुणेपर्यंत भरा. हलवल्यावर पातळी खाली गेली तर पुन्हा खुणेपर्यंत आणा. इथे दोन चुका नेहमी होतात. पाणी खुणेच्या वर गेलं की प्रत्येक डोस पातळ होतो. आणि बुडाशी गठ्ठा राहिला की पहिल्या दिवसांचे डोस फिके जातात, शेवटचे जहाल.

तयार औषध फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. लेबलवर तारीख लिहा. सात दिवसांनंतर उरलेलं टाकून द्यायचं, पुढच्या दुखण्यासाठी राखून ठेवायचं नाही. दर वेळी बाटली हलवा आणि बिनसुईच्या सिरिंजने मोजून द्या, घरोघरच्या चमच्यांत दुपटीचा फरक असतो. जेवायला बसताना दिलं तर पोट कमी बिघडतं. थोडे पातळ जुलाब या औषधाने होतात. पण अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर पुढचा डोस न देता तडक दवाखाना गाठा.

सर्दी-खोकल्यात कफ पिवळा झाला की मी अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० च्या तीन गोळ्या घेतो. तीन दिवसांत बरं वाटतं. यात वावगं काय?
(सुदामानगर)

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, तसं आहे हे. साधी सर्दी विषाणूंची असते, तिचा जोर तीन-चार दिवसांत आपला आपणच ओसरतो आणि श्रेय गोळ्यांना मिळतं. कफाला पिवळा-हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो, विषाणूंच्या सर्दीतही येतो. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक ठरत नाही. खोकला तीन आठवडे रेंगाळला तरी त्यात नवल नाही.

अ‍ॅझिथ्रोमायसिन शरीरातून फार सावकाश जातं, निम्मं व्हायलाच जवळपास तीन दिवस लागतात. गोळ्या संपल्यावरही अंगातल्या जंतूंना कितीतरी दिवस थोडं थोडं औषध मिळत राहतं. त्यातले मरत नाहीत ते त्याला सरावतात. ठोके अनियमित असणाऱ्यांना तर हे औषध धोक्याचंही ठरू शकतं.

डॉक्टरकडे कधी जायचं? दम लागला, कफात रक्त दिसलं, ताप तीन दिवसांहून जास्त राहिला किंवा उतरून पुन्हा चढला, तर. घरात ५ ते १५ वर्षांचं मूल असेल तर आणखी एक लक्षात ठेवा: खोकला नाही, पण ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत आणि मानेतल्या गाठी दुखतात, हे चित्र स्ट्रेप्टोकॉकस या जंतूचं असू शकतं. तिथे अँटिबायोटिक हवंच, आणि पेनिसिलिन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलिन असेल तर पूर्ण दहा दिवस, कारण पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडू शकतात.

ओळखीचा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम देत नाही. दोन दुकानं पुढे सहज मिळालं.
(टिळकनगर)

बरोबर तुमचा ओळखीचाच आहे. सेफिक्झिम 'शेड्यूल एच-१' मध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या एका सरकारी यादीत येतं. १ मार्च २०१४ पासून या यादीतल्या औषधांसाठी दुकानदाराने वेगळी वही ठेवून डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहायची असते आणि ती वही तीन वर्षं जपायची असते. पट्टीवरची लाल चौकटीतली सूचना वाचून बघा.

लघवीच्या जळजळीसाठी नायट्रोफ्युरँटॉइनचा पाच दिवसांचा कोर्स होता. तिसऱ्या दिवशीच बरं वाटलं. चार गोळ्या उरल्या आहेत. नणंदेलाही तोच त्रास आहे, तिला देऊ का?
(वैशालीनगर)

देऊ नका. हे औषध मूत्रपिंडातून लघवीत उतरतं आणि तिथेच काम करतं. नणंदेच्या मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल, तर ते पुरेसं उतरतच नाही. थंडी वाजून ताप आणि कमरेच्या एका बाजूला दुखत असेल, तर संसर्ग वर मूत्रपिंडात पोचलेला असतो, तिथे या गोळ्यांचा उपयोग नाही. शिवाय दोन गोळ्या घेऊन मग कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, लघवी दिली, तर जंतू वाढतच नाहीत आणि अहवाल खोटाच निर्मळ येतो. नमुना पहिल्या गोळीआधी द्यायचा: जागा धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्यायची आणि दोन तासांत पोचवायची.

तुमच्या स्वतःच्या कोर्सबद्दल सांगायचं, तर त्याची लांबी आजारावर ठरते. काही प्रकारच्या न्यूमोनियाला आता पाच दिवस पुरतात, क्षयाला सहसा सहा महिने लागतात. डॉक्टर दिवस कमी करू शकतात. ते काम बरं वाटण्यावर सोडू नका, आज फोन करून विचारा. टाकायची वेळ आली तर बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका. पट्टी कात्रीने कापा आणि कचरागाडीतल्या घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात टाका, इंदुरात तो वेगळा असतो.

या गोळ्या उष्ण पडतात म्हणून सोबत दूध घ्यावं का?
(उज्जैन)

अ‍ॅमॉक्सिसिलिन किंवा सेफिक्झिमबरोबर चालेल. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर घेऊ नका. दुधातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं. कॅल्शियमच्या व लोहाच्या गोळ्या, अँटासिड यांचंही तेच. सिप्रोफ्लॉक्सासिन त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या मधुमेहींची साखर सिप्रोफ्लॉक्सासिनने एकदम खाली जाऊ शकते, डॉक्टरांना आधी सांगा. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नका. झोपताना घोटभर पाण्याने घेतलेली गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते.