पहिलं वाद्य दहा मिनिटांत वाजलं पाहिजे

मुलांसोबत वाद्यं बनवायला घेताय हे वाचून फार बरं वाटलं. पण पहिल्याच दिवशी गिटारच्या मागे लागू नका. खुळखुळा करा. झाकणाची प्लास्टिकची बाटली आणि थोडे मणी, बास. नवखी मंडळी हमखास बाटली गच्च भरतात आणि मग ती वाजतच नाही. मण्यांना उड्या मारायला जागा हवी, म्हणून पाव भागच भरा. झाकण गोंदाने पक्कं करून वर चिकटपट्टी गुंडाळा. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर मणी नकोतच. घशात अडकू शकतात.

मग स्ट्रॉची पिपाणी. एक टोक चपटं दाबायचं, दोन्ही बाजूंनी तिरकं कापून निमुळतं करायचं, ते ओठांत धरून जोरात फुंकायचं. पहिल्या पाच-सहा फुंकांत नुसती हवाच जाते. धीर सोडू नका. टोक आणखी दाबा. आवाज आला की दुसऱ्या टोकाकडून थोडं थोडं कापत जा. दर कापाला स्वर चढतो. त्या क्षणी मुलांचे चेहरे बघाच!

दोन गोष्टी टाळा:

- आधी रंगरंगोटी. रंग वाळेपर्यंत मुलांचा उत्साह मावळतो. आधी वाजवू द्या, सजावट मागाहून.
- कात्री सतत आपल्याच हातात. वाकडं कापलं तरी त्यांनाच कापू द्या. पुढे कुठे टोच्याने भोक पाडायचं झालं, तर ते काम मात्र तुमचं.

रबरबँडची तंतुवाद्यं, सूर जुळवणं वगैरे नंतर बोलू. खुळखुळा झाला की कळवा.