जुना आंबा तोडण्याआधी
सहकारनगरात बंगला घेतलात, आंबा जुना दिसतोय, म्हणून लगेच कुऱ्हाड काढू नका. आधी बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक उखडा. मुळांना हवा-पाणी मिळायला निदान मीटरभर माती मोकळी हवी. खोडाला भोकं आणि खाली लाकडाचा भुसा दिसला, तर समजा आत भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी आहे. मी तो भुसा मुंग्यांचा समजून दोन महिने नुसता झाडत बसलो, शेवटी फांदी गाडीवर आली! वाळक्या फांद्या पावसाळ्याआधी उतरवा, पण महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेऊनच. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात आपल्या अंगणातलं झाडही येतं. आणि माळी ‘शेंडाच उडवतो’ म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.