नियामक पेशी आणि टाइप १ मधुमेह

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला चार महिन्यांपूर्वी टाइप १ मधुमेह झाल्याचे निदान झाले आणि जळगावच्या डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केले. पांढऱ्या पेशी कमजोर असल्याने हे झाले, असे सांगून नातेवाईक प्रतिकारशक्ती वाढवणारे चूर्ण सुचवतात. ते तिला आणि तिच्या धाकट्या भावाला द्यावे काय?
– एक वाचक, यावल

उत्तर : देऊ नये. या आजारात पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच हल्ला करतात. तेव्हा प्रतिकारशक्ती वाढवून काय साधणार? तरीही नातेवाइकांच्या बोलण्यात सत्याचा थोडा अंश आहे. टी-पेशींपैकी काहींचे काम इतर पेशींना आवरण्याचे असते. या नियामक टी-पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या आणि २०२५ च्या नोबेल पारितोषिकात मेरी ब्रंकॉव व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह ते मानकरी ठरले. या पेशी घडवणाऱ्या फॉक्सपी३ जनुकात दोष असल्यास आयपेक्स हा दुर्मीळ आजार होतो. तो मुख्यतः मुलग्यांत आढळतो आणि त्यात अनेकदा तान्हेपणीच मधुमेह होतो. आपल्या मुलीचे चित्र तसे नाही. नेहमीच्या टाइप १ मध्ये या पेशींची रक्तातील संख्या बहुधा पुरेशी असते, परंतु इंटरल्यूकिन-२ या संदेशवाहक प्रथिनाला त्यांचा प्रतिसाद क्षीण असतो आणि हल्लेखोर पेशीही त्यांना जुमानत नाहीत. ही उणीव साध्या रक्ततपासणीत दिसत नाही. उपचारांचे संशोधनही हल्ला शमवण्याच्या दिशेनेच चालले आहे : अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळालेले टेप्लिझुमॅब हे औषध टी-पेशींना आवर घालून, आजार उघड होण्यापूर्वीच्या टप्प्यात, तो लांबवते.

निदानानंतरच्या काही महिन्यांत उरलेल्या बीटा पेशी सावरतात आणि इन्सुलिनची गरज तात्पुरती घटते. डॉक्टर याला हनिमून काळ म्हणतात. नेमके याच वेळी दिलेल्या चूर्णाला फुकटचे श्रेय मिळते आणि इन्सुलिन बंद करण्याचा मोह होतो, जो जिवावर बेतू शकतो.

भावाला सर्वसाधारण मुलांपेक्षा धोका अधिक असला, तरी बहुतेक भावंडांना हा आजार होत नाही. स्वप्रतिपिंडांची (स्वतःच्याच पेशींविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. वैशाखात खानदेशात तहान सर्वांनाच लागते, म्हणून केवळ तहानेच्या लक्षणावर विसंबू नये. वजन घटले, किंवा सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परतली, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी.