तपासणीच बंद करू का?

प्रश्न : भोसरीत आमचं सुट्या भागांचं वर्कशॉप आहे. मशीनच्या नोंदी ऑफिसातल्या सर्व्हरवर पाठवणारी पायथॉन भाषेतली स्क्रिप्ट मीच लिहिली. नव्या कॉम्प्युटरवर पायथॉन ३.१३ टाकल्यापासून ती 'मिसिंग ऑथॉरिटी की आयडेंटिफायर' म्हणून अडते. जुन्यावर ३.१२ आहे, तिथे चालते. सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, आम्हीच बनवलेलं, मुदत २०३१ पर्यंत. भाचा म्हणतो, "मामा, सर्टिफिकेटची तपासणीच बंद करून टाका." करू का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : नका करू. भाच्याला चहा पाजा, कीबोर्ड मात्र देऊ नका.

मीही एकदा हेच करणार होते. तेव्हा कर्वेनगरच्या एका ऑफिसात आमची बिलांची स्क्रिप्ट एचटीटीपीएसने, म्हणजे कुलूपबंद जोडणीने, ग्राहकाच्या सर्व्हरशी बोलायची आणि आम्ही निर्धास्त. पायथॉन २.७.९ आलं, डिसेंबर २०१४ मध्ये, आणि स्क्रिप्ट बंद पडली. मी पायथॉनवाल्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग पाहिलं, तर ग्राहकाचं सर्टिफिकेट भलत्याच नावाचं! त्याआधी पायथॉनची एचटीटीपीएस लायब्ररी सर्टिफिकेट आपणहून तपासतच नव्हती. म्हणजे इतके दिवस आम्ही पासवर्ड कुणाच्या हातात देत होतो, देव जाणे.

'चालू कोड मोडेल' हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटा नव्हता. तुमचाही मोडलाच की. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये नेहमीच्या तपासणीत 'स्ट्रिक्ट' ही खूण आपोआप लागते. मुदत, नाव, सही हे तर बघायचंच; आता कागद नियमाप्रमाणे भरलाय का, तेही बघतात. तुमच्या सर्टिफिकेटवर सही आहे, पण ती कोणत्या किल्लीने केली त्याची नोंद, म्हणजेच ऑथॉरिटी की आयडेंटिफायर, नाही. सरकारी पत्रावर साहेबाची सही आहे, जावक क्रमांक नाही, तसं. घरगुती सर्टिफिकेटांत ही नोंद हमखास राहते, कारण आपण फक्त सर्व्हरचं नाव भरून मोकळे होतो.

आज काम अडलंय म्हणून कनेक्शनच्या कॉन्टेक्स्टमधल्या (जोडणीच्या सेटिंगमधल्या) व्हेरिफाय फ्लॅग्जमधून, म्हणजे तपासणीच्या खुणांमधून, तेवढी स्ट्रिक्टची खूण काढा. नाव, मुदत, सही यांची तपासणी चालूच राहते. भाच्याच्या उपायात ती तिन्ही जातात. ३.१२ वर थांबलात तरी चालेल, त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत.

खरं काम सर्टिफिकेट नव्याने काढण्याचं. ओपनएसएसएल, म्हणजे सर्टिफिकेट बनवायचं साधन, त्याच्या एक्स्टेन्शनच्या (जादा नोंदींच्या) फाइलीत ऑथॉरिटी की आयडेंटिफायरची ओळ घाला. त्याच बैठकीत तुमचं रूट, म्हणजे बाकीच्यांवर सही करणारं मूळ सर्टिफिकेट, तेही बघा : 'बेसिक कन्स्ट्रेन्ट्स' (हे सही करणारं सर्टिफिकेट आहे, ही नोंद) क्रिटिकल म्हणून खूण केलेलं हवं, 'की यूसेज'मध्ये सर्टिफिकेटवर सही करायची परवानगी हवी. नाहीतर ही चूक सुधारलीत की पुढची दत्त म्हणून उभी. रूट बदललंत तर ते प्रत्येक मशीनशेजारच्या कॉम्प्युटरवर टाकावं लागेल, अर्धा दिवस जाईल. गुरुवार तेवढा धरू नका. वीज गेली तर अर्ध्यात अडकाल.