वाचकांचे प्रश्न : जॉर्ज इलियटची छाटलेली पत्रं

प्रश्न : जॉर्ज इलियट (इंग्रजी कादंबरीकार मेरी ॲन इव्हान्सचं टोपणनाव) हिच्या पत्रांचे जॉन क्रॉसने काढलेले तीन खंड वाचतोय. पत्रांना धड मायना नाही, शेवट नाही. ती मुळातच अशी रूक्ष आहेत का?

उत्तर : मुळीच नाही. क्रॉस तिचा नवरा. मे १८८० मध्ये त्यांचं लग्न झालं आणि डिसेंबरात ती वारली. १८८५ मध्ये त्याने पत्रं आणि रोजनिशीतून तिचं चरित्र जुळवलं, पण घरगुती गोष्टी, थट्टा, तिखट शेरे गाळले आणि वेगवेगळ्या पत्रांतले तुकडे एकापुढे एक जोडले. त्यावरून अवतरण देऊ नका. येल विद्यापीठाने काढलेली गॉर्डन हेटची नऊ खंडांची आवृत्ती (१९५४–७८) गाठा.

तिथे गंमत कळते. श्ट्राउसच्या जर्मन येशूचरित्राचा अनुवाद तिने १८४४ ते १८४६ या काळात केला. मोबदला २० पौंड, पुस्तकावर नावही नाही! तिची मैत्रीण सारा हेनेल तो मुळाशी ताडून पाहायची, म्हणून शब्दांची घासाघीस त्या दोघींच्या पत्रांत सापडते. कधी इलियटची सही ‘पॉलियन’. बायबलातल्या अपॉलियन या विनाशदूताच्या नावाशी जुळवलेलं हे लाडकं नाव.

एक चूक हमखास होते. सात खंड झाल्यावर सापडलेली पत्रं आठव्या-नवव्यात पुरवणी म्हणून आली. त्यामुळे १८५२ सालासाठी नुसता दुसरा खंड पाहिला, तर तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरला (आगरकरांमुळे आपल्या ओळखीचा तोच) लिहिलेली प्रेमाची पत्रं हुकतात. ती आठव्यात आहेत.

प्रश्न : पत्रावर ‘शुक्रवार, १६ जुलै’ एवढंच असेल तर साल कसं ठरवायचं?

उत्तर : आधी वार लावून पाहा. १६ जुलैला शुक्रवार येणाऱ्या सालांपैकी १८४७, १८५२ आणि १८५८ ही तीन घेऊ. मग ठिकाण पाहा. १८४७ मध्ये ती कॉव्हेंट्रीजवळ फोल्सहिलला वडिलांकडे राहायची, १८५२ च्या उन्हाळ्यात ब्रॉडस्टेअर्सला समुद्रकाठी होती, १८५८ मध्ये तिचा जोडीदार जॉर्ज हेन्री लूइसबरोबर मध्य युरोपच्या प्रवासात. पत्रात समुद्र आला की प्रश्न मिटला.

सहीचाही उपयोग होतो. १८३७ च्या सुमारास ‘मेरी ॲन’च्या इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं ‘ई’ गेलं, १८५१ पासून ‘मॅरियन’, लूइससोबत संसार थाटल्यावर ‘लूइस’ आडनाव, शेवटच्या काही महिन्यांत ‘क्रॉस’. मात्र एकट्या सहीवर भिस्त ठेवू नका; जुन्या मैत्रिणींना ती जुन्या नावानेही लिही.

टपालाचा शिक्का सगळ्यात भरवशाचा, पण तो पाकिटावर असतो. १८४० पूर्वी कागदाच्या संख्येवर हशील पडे, म्हणून पाकीट न वापरता कागदाचीच घडी घालून वर पत्ता लिहीत. शिक्का पत्राबरोबर टिके. १८४० मध्ये पेनी पोस्ट (कागदांच्या संख्येऐवजी वजनावर, एका पेनीपासून हशील) आल्यावर पाकिटं रूढ झाली आणि ती फेकली गेली, नाहीतर भलत्याच पत्राला चिकटली. म्हणून पाकीट वेगळं ठेवलेलं असेल, तर आतल्या मजकुराशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावरची तारीख उतरवू नका.