शिक्षणसंस्थेत वरची मंडळी मोठे निर्णय नेमके कसे घेतात?

तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी अकरा वर्षं उपप्राचार्य होतो, त्यामुळे सांगतोय ते तिथलं. खासगी विद्यापीठांचं गणित वेगळं.

कागदावर सगळं चोख आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे महाविद्यालय विकास समिती असते. प्राचार्य तिचे सदस्य-सचिव, वर्षाला किमान चार बैठका. पण बैठकीत होतो तो ठराव. निर्णय आधीच संस्थेच्या अध्यक्षांच्या ओसरीवर झालेला असतो. ‘स्ट्रॅटेजी’ हा शब्द तर आमच्याकडे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती यायची असली तरच ऐकू यायचा.

अनुदानित कॉलेजात खरी कळ म्हणजे कार्यभार. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचे असतात, सहयोगीला १४. मुलं घटली की तुकडी जाते, तुकडीबरोबर तास जातात आणि शिकवणारा अतिरिक्त ठरतो. म्हणून कुठलाही विषय बंद करा म्हटलं, की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आधी एक माणूस उभा राहतो.

आमच्याकडे विनाअनुदानित बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स काढायचं घाटत होतं. प्राचार्यांनी पंचवीस स्लाइड केल्या होत्या. अध्यक्षांचा धंदा खतांचा, शिक्षण जुनी मॅट्रिक. त्यांनी एकच विचारलं, “सर, पहिल्या वर्षी पोरं आली नाहीत तर मास्तरांचा पगार कुठून काढायचा?” पंचवीसपैकी एकाही स्लाइडवर उत्तर नव्हतं. विषय वर्षभर लांबला. तेवढ्या वेळात आम्ही आसपासच्या कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन बारावीची मुलं मोजली, तासिका तत्त्वावर कोण मिळेल ते पाहिलं, आणि पुढच्या जूनला एकच तुकडी काढली. ती भरली. इतका नीट घेतलेला निर्णय मी तिथे दुसरा पाहिला नाही, आणि त्याचं श्रेय त्या एका प्रश्नाला.

उलट तत्त्वज्ञानाचं बघा. एकशिक्षकी विभाग, शेवटी शेवटी सगळा वर्ग दोन बाकांवर मावायचा. बंद करा असं कुणीच म्हणालं नाही. सर सगळ्यांचे लाडके. ते निवृत्त झाले. पद भरायचा प्रस्ताव पुढच्या बैठकीला घेऊ म्हणून राहिला, मग त्याच्या पुढच्या. दोन वर्षांनी त्या खोलीत कॉम्प्युटरची दुसरी लॅब आली. इतिवृत्ताची वही मीच लिहायचो. तत्त्वज्ञान बंद केल्याचा ठराव तिच्यात कुठेही सापडणार नाही.